बॉल पायथनच्या श्वासातून शिट्टीसारखा आवाज येतो: कात टाकण्याची वेळ की फुप्फुसांचा आजार?

सिंहगडरस्ता (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे पाच वर्षांची बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) मादी आहे. विदेशी प्राण्यांची नोंद होते त्या केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर तिची नोंद २०२४ सालीच केलेली असल्यामुळे कायद्याची अडचण नाही. अडचण तिच्या श्वासाची आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि सलग दोन रात्री वीज नव्हती. त्या काळात पेटीतले तापमान २२ अंशांपर्यंत उतरले होते. वीज परत आल्यावर सर्व काही पूर्ववत झाले असे मी धरून चाललो; परंतु साधारण नऊ दिवसांनी, रात्री पंखा बंद असताना, पेटीतून अगदी बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू येऊ लागला.

योगायोग असा की तीन दिवसांपूर्वी तिचे डोळे दुधाळ झाले आहेत, त्यामुळे घरातल्यांचे म्हणणे पडले की हा कातीचाच परिणाम असावा आणि कात टाकली की आवाज आपोआप थांबेल. मीही तसेच मानले असते, पण काल संध्याकाळी तिच्या ओठांच्या कडेला दोन-तीन लहान बुडबुडे दिसले आणि ती डोके पाण्याच्या भांड्याच्या काठावर टेकवून, तोंड वरच्या दिशेला करून झोपलेली होती. अशी झोपलेली मी तिला पूर्वी कधी पाहिलेली नाही. जूनमध्ये वजन १३४० ग्रॅम होते, आज १२६२ भरले. शेवटचे खाणे १९ दिवसांपूर्वीचे, त्यानंतर दोनदा उंदीर नाकारला.

घराजवळचे पशुवैद्य साप पाहत नाहीत. पक्षी आणि सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांची वेळ शनिवारची, म्हणजे चार दिवसांनंतरची मिळाली आहे. तोपर्यंत थांबणे योग्य आहे का? घरात आईच्या औषधातली अमॉक्सिसिलिनची अर्धी पट्टी शिल्लक आहे. ती मापात द्यावी का? पेटीतला थर्मोस्टॅट ३२ अंश दाखवतो आणि आर्द्रता सध्या ८० टक्क्यांच्या आसपास आहे. कृपया स्पष्ट सांगावे, मन राखण्यासाठी काही लिहू नये.

देवराई, नाशिक

स्पष्टच लिहितो. केवळ आवाज असता तर मीही कातीची वाट पाहा असे म्हटले असते. कात सुटण्यापूर्वी नाकपुड्यांच्या तोंडाशी जुनी त्वचा सैल होते आणि तीतून हवा जाताना शिट्टी वाजते. तो आवाज कोरडा असतो आणि कात अखंड निघाल्यावर त्याच दिवशी थांबतो. हाताळताना चिडून साप जो फुत्कार सोडतो तो तर वेगळाच, त्यात जोर असतो आणि त्याला कारण असते. आजाराचा आवाज ओला असतो, हुक्क्यात पाणी गुडगुडावे तसा, आणि साप शांत पडून असतानाही तो प्रत्येक श्वासागणिक येत राहतो.

तुमच्या वर्णनात मला काळजी वाटते ती आवाजापेक्षा बुडबुड्यांची आणि त्या झोपण्याच्या पद्धतीची. पाणी पिऊन झाल्यावर एखादा बुडबुडा दिसू शकतो, म्हणून एकदा तिने पाणी पिण्याच्या वेळेशी त्याचा काही संबंध लागतो का ते पाहा. पण डोके उंच ठेवून विसावणे ही सापाने स्वतः शोधलेली सोय असते: श्वासनलिकेतला स्राव खाली उतरावा आणि हवेला वाट मोकळी व्हावी, यासाठी तो मान वर धरतो. (तुमची मादी स्पायडर या रंगप्रकाराची असेल तर मात्र डोके डुलणे किंवा वर वळणे हा त्या जनुकाशी जोडलेला मज्जासंस्थेचा दोष असतो, श्वासाशी त्याचा संबंध नसतो. बऱ्याच जणांची इथे गल्लत होते.) उंदीर नाकारला याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण हे साप कातीच्या वेळी सहसा खात नाहीत आणि एरवीही निरोगी असताना महिनोन् महिने उपाशी राहू शकतात. वजनाचे मात्र तसे नाही. बॉल पायथन नुसता उपास करतो तेव्हा त्याचे वजन फार सावकाश उतरते, आणि तुमच्याकडे दीड महिन्यात जवळजवळ सहा टक्के गेले आहे.

एक शंका. थर्मोस्टॅट ३२ दाखवतो म्हणजे त्याच्या प्रोबला (तापमान जाणणाऱ्या तारेच्या टोकाला) ३२ अंश जाणवतात. साप जिथे बसतो तिथे किती आहेत हे त्यावरून कळत नाही. प्रोब कुठे आहे ते हात घालून बघा आणि दुसऱ्या, स्वतंत्र तापमापकाने लादीला नव्हे तर भुश्याखालच्या तळाला मोजा. हे आजच करा.

पशुवैद्य, कोल्हापूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, त्यात थोडी भर घालतो. आपल्या सापाला न पाहता निदान करता येत नाही. तरीही आवाज, बुडबुडे, वर धरलेले डोके आणि घटलेले वजन ही चार लक्षणे एकत्र आल्यावर, विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत, याला श्वसनमार्गाचा संसर्ग समजूनच चालावे.

सापाच्या बाबतीत हा आजार कुत्र्यामांजरांपेक्षा जास्त चिवट का असतो, हे समजून घेतल्यास पुढचे उपचार का असे आहेत ते कळेल. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. तो बरगड्यांमधल्या स्नायूंनी श्वास घेतो, आणि त्यामुळे जोरात खोकून छाती मोकळी करणे त्याला जमत नाही. अजगरकुळात दोन फुप्फुसे असतात, त्यांतले डावे लहान. धामण किंवा नागासारख्या सापांत तर डावे जवळजवळ नसतेच. फुप्फुसाच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि हवेची देवाणघेवाण तिथेच होते. मागचा भाग पातळ भिंतीच्या पिशवीसारखा असतो. त्या पिशवीत स्राव साचला की त्याला बाहेर यायला वाट नसते आणि रक्तावाटे औषधही तिथे नीट पोहोचत नाही. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसून पनीरासारखा घट्ट असतो. म्हणून मालकाला आवाज ऐकू येईपर्यंत आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. आपल्याला तो कालपासून वाटतो, सापाला तो दोन आठवड्यांपासून असतो.

आता तुमचे प्रश्न. अमॉक्सिसिलिन देऊ नका. सापांच्या फुप्फुसांत बहुतेक वेळा स्युडोमोनास, क्लेबसिएला, एरोमोनास अशा जातीचे जिवाणू सापडतात आणि त्यांच्यावर ते औषध सहसा चालत नाही. शिवाय आजारी सापाच्या पोटातून गोळी कितपत शोषली जाईल याचा भरवसा नसतो, तोंड उघडून औषध ओतताना ते श्वासद्वारात जाण्याचा धोका असतो, आणि शनिवारी घेतलेल्या नमुन्यात जिवाणूंची वाढ दिसली नाही तर त्याचे कारण ती अर्धवट मात्राच असेल.

शनिवारपर्यंत थांबता येईल, पण एका अटीवर. ती तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागली, तोंडाच्या आतला भाग फिकट किंवा निळसर दिसला, किंवा उलथी पडल्यावर सरळ होईना, तर थांबायचे नाही. त्या दिवशी मिळेल त्या डॉक्टरांकडे जायचे. (जेवल्यानंतर जबडा जागेवर बसवण्यासाठी साप एक-दोनदा जांभई देतो, त्याला घाबरू नये.) या चार दिवसांत तिचे मुख्य औषध म्हणजे ऊब. गरम बाजू ३२ ते ३३ अंश आणि गार बाजूही २७-२८ च्या खाली जाऊ देऊ नका. एरवी रात्री तापमान थोडे उतरलेले चालते, आता तेही नको. सापाची प्रतिकारशक्ती त्याच्या शरीराच्या तापमानावर चालते आणि ते तापमान त्याला बाहेरूनच मिळवावे लागते. १९७५ साली डेझर्ट इग्वाना या सरड्यांवर झालेला एक प्रयोग आम्हाला शिकवला जातो: एरोमोनास जिवाणू टोचलेले सरडे वेगवेगळ्या तापमानांत ठेवले, तेव्हा सर्वांत गरम ठेवलेल्यांतले बहुतेक जगले आणि गार ठेवलेले बहुतेक मेले. औषध कोणालाच दिलेले नव्हते. याचा अर्थ पेटीची भट्टी करावी असा नव्हे. बॉल पायथनला ३५ च्या वर नेऊ नये आणि गार कोपऱ्याकडे जाण्याची मोकळीक कायम ठेवावी.

आर्द्रतेबद्दल अनेकांची समजूत अशी असते की छातीचा आजार म्हटला की पेटी कोरडी ठणठणीत करावी. तसे केल्यास स्राव आणखी घट्ट होतो, आणि तुमच्या सापाची तर कात व्हायची आहे. ६० ते ७० टक्के ठीक. पुण्याच्या पावसाळ्यात खरा दोष दमटपणाचा नसून दमट आणि गार या जोडीचा, त्यातही कोंडलेल्या हवेचा असतो. भुसा भिजलेला असेल तर तो काढून सध्या साधा कागद अंथरा. त्यावर स्रावाचे डाग आणि विष्ठा दोन्ही लगेच दिसतात. खायला देऊ नका, पाण्यात बसवू नका, गरजेपुरतेच हाताळा.

शनिवारी डॉक्टर तोंडाची आतली बाजू पाहतील, कारण हिरड्यांचा दाह पुष्कळदा सोबत असतो. एक्स-रे काढतील, आणि शक्य झाल्यास श्वासनलिकेत बारीक नळी घालून थोडे निर्जंतुक सलाइन सोडून ते परत ओढून घेतील. तो नमुना कल्चरसाठी (जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी) जातो. तो माणसांच्या प्रयोगशाळेत पाठवला जाणार असेल तर नमुना सरपटणाऱ्या प्राण्याचा आहे हे चिठ्ठीवर लिहिण्याची विनंती अवश्य करा. अहवाल येईपर्यंत सुरुवात म्हणून बहुधा सेफ्टाझिडीम हे प्रतिजैविक दिले जाते. त्याची रूढ मात्रा किलोमागे २० मिलिग्रॅम, दर ७२ तासांनी एक इंजेक्शन, अशी आहे. तीन दिवसांतून एकदाच का, असे विचारणारे मालक मला नेहमी भेटतात: सापाच्या शरीरातून ते औषध इतक्या सावकाश बाहेर पडते की त्याआधी पुन्हा देण्याची गरजच नसते. एन्रोफ्लॉक्सासिनही वापरतात, पण ते टोचलेल्या जागी मांस सडू शकते. अ‍ॅमिकासिन परिणामकारक आहे, तथापि पाणी कमी झालेल्या सापाच्या मूत्रपिंडांना ते मानवत नाही. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात देतात, कारण मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतताना आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. ही माहिती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी म्हणून दिली आहे. घरी सुई हातात घेण्यासाठी नाही.

माजघर

आमच्याकडे पोपटाला सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी पिंजऱ्याजवळ टांगत असत आणि त्याला उतार पडत असे. सापाला ओव्याची किंवा निलगिरीची वाफ दिली तर स्राव सुटणार नाही का? मी सल्ला देत नाही, विचारतो आहे.

पशुवैद्य, कोल्हापूर

विचारलेत हे बरे केले. वाफ नको, कारण गरम वाफेने श्वसनमार्गाचे अस्तर भाजते आणि सापाला बाजूला होता येत नाही; निलगिरी, कापूर, बाम, धुरी यांतले काहीही पेटीच्या खोलीतसुद्धा नको, कारण त्या तीव्र वासांनी आधीच सुजलेली फुप्फुसे आणखी चिडतात. पोपटांनाही ते टाळावे. डॉक्टर नेब्युलायझर सुचवतात तो प्रकार निराळा आहे: त्यात सलाइनचे थंड, अतिसूक्ष्म तुषार असतात, आणि त्यात औषध मिसळायचे की नाही हे तेच ठरवतात.

टोरंटोतून

मी कॅनडात राहते आणि माझ्याकडे दोन बॉल पायथन होते, आता एक आहे. वर सांगितलेले सर्व योग्यच आहे, परंतु एक शक्यता अजून कोणी मांडली नाही म्हणून लिहिते. दुसरा साप मी एका पैदासकाराकडून आणला आणि तीन आठवडे वेगळा ठेवून, त्याची तब्येत उत्तम दिसते म्हणून, पहिल्याच्या शेजारच्या कप्प्यात हलवला. दोन महिन्यांनी दोघांच्याही तोंडाला चिकट स्राव येऊ लागला. प्रतिजैविकांनी दोघेही सुधारले, औषध थांबल्यावर पुन्हा आजारी पडले, पुन्हा सुधारले, पुन्हा आजारी. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तोंडातला स्वाब पीसीआर तपासणीसाठी पाठवला आणि सर्पेंटोव्हायरस निघाला. पूर्वी याला निडोव्हायरस म्हणत. बॉल पायथनमधल्या न्यूमोनियाशी त्याचा संबंध २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आला. त्यावर थेट औषध नाही. प्रतिजैविके वरून जडलेल्या जिवाणूंना आवरतात, एवढेच. नवा साप पाच महिन्यांनी गेला, जुना जगला, परंतु तो आता विषाणूवाहक असल्यामुळे मी दुसरा साप आणू शकत नाही आणि आणणारही नाही. सापांच्या फुप्फुसांचा दुसरा जुना विषाणू म्हणजे फेरलाव्हायरस. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या एका सर्पपालन केंद्रातल्या विषारी सापांत त्याची साथ आली होती, तेव्हापासून तो माहीत आहे.

सिंहगडरस्ता, तुमच्याकडे एकच साप असेल आणि गेल्या वर्षभरात दुसऱ्या कुणाचा साप, पेटी किंवा चिमटा घरात आला नसेल, तर थंडीचेच कारण अधिक संभवते. आला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. तसेच खवल्यांच्या फटींत आणि पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे किडे दिसतात का ते पाहा. सर्पगोचीड सापाला अशक्त करतात आणि एका सापाचा संसर्ग दुसऱ्याकडे नेऊ शकतात. नव्या सापाला वेगळ्या खोलीत किमान तीन महिने, जमल्यास सहा, ठेवायचे, त्याचे भांडे आणि चिमटा वेगळा, आणि हाताळण्याचा क्रम नेहमी जुना आधी, नवा नंतर. मी हा क्रम पाळला असता तर आज हे लिहीत नसते.

कोकणवाट

विषयाला धरूनच एक विचारतो. आमच्या वाडीत विहिरीजवळ एक धामण सापडली आहे, तिच्याही तोंडाला फेस आहे. तिला अशी ऊब देऊन बरी करता येईल का?

देवराई, नाशिक

ती घरात ठेवू नका. आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात आणि उपचाराच्या हेतूनेसुद्धा ते परस्पर बाळगता येत नाहीत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. फेस श्वसनाच्या आजाराचाच असेल असेही नाही; विहिरीत पडून नाकातोंडात पाणी गेल्याने किंवा शेतातल्या विषाने मेलेला उंदीर खाल्ल्यानेही तो येऊ शकतो.

सिंहगडरस्ता

सर्वांचे आभार. देवराई यांची शंका खरी ठरली. वीज गेली त्या रात्री अंधारात पेटी सरकवताना प्रोब तळाच्या बाहेर निघून थेट पेटीखालच्या हीट मॅटला (ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला) चिकटला होता. मॅट ३२ अंशांना पोहोचली की थर्मोस्टॅट वीज तोडत होता आणि पेटीच्या आत, भुश्याखाली, मी मोजले तेव्हा २५ अंश होते. म्हणजे दोन रात्रींची थंडी मी जिला म्हणत होतो ती प्रत्यक्षात अकरा-बारा दिवस चालली, आणि समोरचा आकडा रोज ३२ दाखवत होता. आता प्रोब आतल्या तळावर पक्का बसवला आहे आणि दुसरा तापमापक गार बाजूला ठेवला आहे.

शनिवारी तिला कापडी पिशवीत घालून, भोके पाडलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून नेले. खोक्यातही तापमापक होता, कारण बाटलीने भाजल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या मागच्या भागात पांढुरकी छटा दिसली. गोचीड नाहीत. नमुना घेऊन पहिले सेफ्टाझिडीम दिले, मात्रा २५ मिलिग्रॅम. पाच दिवसांनी अहवाल आला: स्युडोमोनास एरुजिनोसा, आणि दिलेले औषध त्यावर लागू पडते आहे. आणखी सात इंजेक्शने ठरली आहेत आणि रोज पंधरा मिनिटे सलाइनचे नेब्युलायझेशन.

सिंहगडरस्ता (सात आठवड्यांनी)

ज्यांनी विचारणा केली त्यांच्यासाठी पुढची हकीकत. कात पहिल्या आठवड्यातच निघाली, पण डोक्यावरची तुकड्यांत, आणि आवाज काही थांबला नाही. त्या दिवशी कातीबद्दलचा घरातला वाद मिटला. चौथ्या इंजेक्शननंतर बुडबुडे बंद झाले, सहाव्यानंतर आवाज. तिथे थांबावे असा मोह मला झाला, कारण प्रत्येक फेरीला अर्धा दिवस आणि बऱ्यापैकी पैसे जात होते. डॉक्टरांनी मात्र आठही पूर्ण करायला लावली आणि आवाज थांबणे म्हणजे पिशवी रिकामी होणे नव्हे असे एक्स-रेवर बोट ठेवून दाखवले.

वजन सर्वांत खाली १२३१ पर्यंत गेले होते. शेवटच्या इंजेक्शननंतर दहा दिवसांनी तिने नेहमीपेक्षा लहान उंदीर घेतला, मग आठवड्याने आणखी एक. आज सकाळी १२८८ भरले. पेटीसाठी लहान इन्व्हर्टर बसवला आहे. दर रविवारी वजन आणि दोन्ही बाजूंचे तापमान वहीत लिहितो. डोके आता ती पूर्वीसारखे वेटोळ्यात खुपसून झोपते. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे. तो आला की इथेच कळवीन.